साथीच्या काळात सगळ्यांना सोबत घेऊन चालणारं ऑफिस कसं बनवायचं

साथ आली की कंपनीत सगळ्यात आधी नियम येतात. सगळ्यांनी साडेनऊला पंच करा, सगळ्यांनी मास्क लावा, सगळ्यांनी कॅमेरा चालू ठेवा, सगळ्यांनी ॲप डाऊनलोड करा. नियम सगळ्यांना सारखा आहे ना, मग कुणावर अन्याय कुठे झाला, असं मॅनेजमेंटला अगदी मनापासून वाटत असतं. पण त्या सारख्या नियमामुळे कोण कोण गळून पडलं हे कुणी बघतच नाही. या लेखात मला तेवढंच सांगायचंय की ती गळती आधी शोधायची कशी आणि मग थांबवायची कशी.

मी पुणे भागात एका मध्यम आकाराच्या कंपनीत एचआर बघते, आमच्याकडे ऑफिस पण आहे आणि शॉप फ्लोअर, म्हणजे मशीनवर काम चालतं तो कारखान्याचा भाग, तो पण, त्यामुळे दोन्हीकडचं लिहितेय, आणि मुंबईतलं लिहितेय ते तिकडे काम करणाऱ्या मैत्रिणींमुळे माहीत असलेलं. पुण्याने २००९ ला स्वाइन फ्लू बघितला, मग २०२० ला कोरोना, म्हणजे असं काही परत येणारच नाही असं धरून चालण्यात काही अर्थ नाही. खालचं बरंचसं पन्नास ते पाचशे माणसांच्या कंपन्यांना डोळ्यासमोर ठेवून आहे, मोठ्या आयटी कंपन्यांकडे यासाठी वेगळी टीम असते, लहानांकडे एक एचआर, एक अॅडमिन आणि भरपूर फोन.

आधी यादी काढा, कोण दिसेनासं झालंय

पहिल्या आठवड्यात पॉलिसी लिहायला बसू नका. हजेरी, मीटिंगची उपस्थिती, मेलला उत्तर देणं, एवढं समोर घ्या आणि बघा की आधी रोज दिसणारं कोण आता दिसत नाही. त्या यादीत बायका किती, दिव्यांग किती, कॉन्ट्रॅक्टवाले किती, एखाद्या विशिष्ट वस्तीतून किंवा लांबून येणारे किती, हे समोर मांडलं की पुढचं काम आपोआप कळतं. एप्रिल-मे २०२० मध्ये पुण्यात भवानी पेठ, ताडीवाला रोड, पाटील इस्टेट हे भाग सील होते, तिथे राहणारा माणूस गैरहजर आहे हे त्याच्या कामचुकारपणाशी जोडायचं की पत्र्यांनी बंद केलेल्या रस्त्याशी, हे यादी बघितल्याशिवाय समजत नाही. प्रतिबंधित क्षेत्रात अडकलेल्याची रजा त्याच्या खात्यातून कापू नका, तो निर्णय त्याने घेतलेला नाहीये.

मग फोन करा. गूगल फॉर्म नको, कारण ज्याच्याकडे डेटा नाही किंवा ज्याला इंग्रजी फॉर्मची भीती वाटते तोच नेमका फॉर्म भरत नाही, आणि मग तुमच्या सर्व्हेत सगळं छान दिसतं. फोनवर साधं विचारायचं, कामावर येता कसं, घरी बसायला जागा आणि नेट आहे का, घरात लहान मूल, म्हातारं माणूस, आजारी कुणी तुमच्यावर अवलंबून आहे का, आणि शेवटी आम्ही काय बदललं तर तुम्हाला काम नीट करता येईल. हा शेवटचा प्रश्न सोडू नका. लोकांकडे उत्तर तयार असतं आणि बऱ्याचदा ते आपण कल्पना केली त्यापेक्षा स्वस्त असतं, कुणाला फक्त अर्धा तास उशिरा यायचं असतं, कुणाला हेडफोन हवा असतो.

आजाराचं नाव मात्र विचारू नका. मे २०२० च्या केंद्राच्या सूचनांमध्ये ६५ च्या वरचे, आधीचे आजार असलेले, गरोदर बायका यांनी घरीच राहावं असा सल्ला होता, आणि तो सल्ला काळजीपोटी होता, पण त्याचा उपयोग काही ठिकाणी लोकांना घरी बसवून पगार कमी करायला झाला. शिवाय एचआयव्हीचा, डिप्रेशनचा, किंवा अजून कुणाला न सांगितलेल्या गरोदरपणाचा कागद पुरावा म्हणून मागितला तर माणूस धोका पत्करून कामावर येईल पण तो कागद देणार नाही. "मला धोका जास्त आहे" हे एवढं लिहून दिलेलं पुरेसं धरा, ते एकाच व्यक्तीकडे ठेवा, मॅनेजरला फक्त व्यवस्था कळवा, कारण कळवू नका.

वेळ बदलली की अर्धी माणसं परत येतात

याचं सगळ्यात ठळक उदाहरण मुंबईची लोकल. २१ ऑक्टोबर २०२० पासून सगळ्या बायकांना लोकलने जायची परवानगी मिळाली, पण कधी, तर सकाळी ११ ते दुपारी ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. आता साडेनऊचं पंचिंग असलेल्या ऑफिसात डोंबिवलीची किंवा विरारची बाई पोहोचणार कशी. ज्या कंपन्यांनी अशा बायकांची शिफ्ट दुपारी १२ ते ७ केली त्यांच्याकडे त्या आल्या, जिथे साडेनऊच राहिलं तिथे त्यांनी ओला-उबरमध्ये पगार घातला नाहीतर राजीनामा दिला. १ फेब्रुवारी २०२१ पासून सगळ्यांसाठी लोकल खुली झाली तेव्हाही सकाळी ७ पर्यंत, दुपारी १२ ते ४ आणि रात्री ९ नंतर, असंच होतं.

आणि मग १५ ऑगस्ट २०२१, दोन डोस होऊन १४ दिवस झालेल्यांनाच लोकलचा पास. ऐकायला बरोबर वाटतं, पण हिशोब करून बघा. १८ ते ४४ वाल्यांचं लसीकरण मे मध्ये सुरू झालं, लसी कमी पडल्या म्हणून महाराष्ट्रात ते थांबवावं लागलं, जूनच्या उत्तरार्धात पुन्हा सगळ्यांना खुलं झालं. ज्या पोराला २२ जूनला कोविशिल्डचा पहिला डोस मिळाला त्याचा दुसरा ८४ दिवसांनी, म्हणजे १४ सप्टेंबरच्या आधी नाही, वर १४ दिवस, म्हणजे पास थेट २८ सप्टेंबरला. म्हणजे ऑफिसमधले सगळ्यात तरुण, सगळ्यात कमी पगाराचे, ज्युनिअर लोक दीड महिना अडकून पडले आणि सीनियर मंडळी लोकलने येत होती. सरकारचा नियम आपण बदलू शकत नाही, पण आपला कामावर येण्याचा नियम त्याच्याशी जुळवून घेणं आपल्याच हातात आहे. सरकारचा नवीन आदेश आला की लगेच कागद घ्या आणि विचारा, यामुळे आपल्यातल्या कुणाला इथे पोहोचता येणार नाही, आणि त्यांच्यापुरती वेळ किंवा घरून काम किंवा कंपनीची गाडी यापैकी काय देता येईल.

गाडी द्यायची असेल तर तिचा स्टॉप बघा. हायवेवर पुलाखाली रात्री दहाला सोडणारी बस ही सेकंड शिफ्टच्या मुलीसाठी सोय नाहीये.

घरून काम, पण घर कुणाचं कसं आहे

वर्क फ्रॉम होमची सगळी कल्पना एक वेगळी खोली, एक टेबल, दार बंद, या घरावर बेतलेली असते. चाळीतली दहा बाय दहाची खोली, त्यात सासू-सासरे, दोन मुलं, एकच मोबाईल, त्यावर आधी मोठ्याची शाळा मग धाकटीची, हे घर त्या कल्पनेत येतच नाही. शहरातल्या लहान वर्गांच्या शाळा मार्च २०२० ला बंद झाल्या त्या दीड वर्षाहून जास्त काळ उघडल्याच नाहीत, म्हणजे मुलं पूर्णवेळ घरात. सरकारच्या २०१९ च्या टाइम यूज सर्व्हेमध्ये घरकाम करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात जातात असं निघालं होतं, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांचे ९७. हे साथीच्या आधीचं आहे. त्यावर कामवाली बंद, शाळा बंद, डबा बंद, म्हणजे काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको.

त्यामुळे कॅमेऱ्याची सक्ती पहिल्यांदा काढून टाका. मला यावर मॅनेजर लोकांशी बरंच भांडावं लागलंय, त्यांचं म्हणणं असतं कॅमेरा बंद असला की माणूस ऐकतोय का कळत नाही. पण कॅमेरा चालू केला की मागचं घर दिसतं, भिंत दिसते, मोरी दिसते, कुणाच्या घरात काय देव आहेत ते दिसतं, आणि ज्याला ते दाखवायचं नाही तो मीटिंगमध्ये बोलायचंच बंद करतो. काम झालं का ते कामावरून बघा.

मीटिंग सकाळी ८ ते १० आणि संध्याकाळी ७ नंतर ठेवू नका, स्वयंपाकाची आणि मुलांची वेळ असते. २०२० आणि २०२१ दोन्ही वर्षी रमजान लॉकडाऊन नाहीतर कडक निर्बंधांमध्येच आला, आणि तेव्हा आपल्याकडे इफ्तारची वेळ साधारण सातच्या सुमारास होती, म्हणजे सातचा रिव्ह्यू कॉल ठेवला की रोजा धरलेला माणूस दिवसभर उपाशी राहून खजूर समोर ठेवून म्यूटवर बसणार. कॉल साडेपाचला घ्या, सगळ्यांचंच भलं होतं. तसंच १४ एप्रिलची सुट्टी "आता घरीच आहात की" म्हणून कामात ढकलायची नाही, घरी असलो तरी जयंती घरी साजरी होतेच.

नेटचे पैसे द्या, आणि बिल मागत बसू नका, ठराविक रक्कम पगारात टाका. पोस्टपेडवाला सीनियर बिल लावतो आणि प्रीपेडवाली ज्युनिअर रिचार्जचा पुरावा शोधत बसते, शेवटी नाद सोडते.

आणि गावी गेलेल्यांबद्दल थोडं. मुंबई-पुण्याहून कितीतरी जण कोकणात घरी गेले, ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यावर आलं, पोफळी-माड आडवे झाले, कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे लाईट नव्हती. अशा वेळी "तुमचा लॅपटॉप ऑफलाइन का दिसतोय" असा मेल जातो आणि तो मेल त्या माणसापर्यंत पोहोचत पण नाही. यावर उपाय साधा आहे, प्रत्येकाचा एक जवळचा सहकारी ठरवून द्या जो एसएमएसने किंवा शेजारच्यांच्या फोनवर खुशाली घेईल, आणि नैसर्गिक आपत्तीत काम बंद पडलं तर ते दिवस भरपगारी, हे आधीच लिहून ठेवा.

नोटीस वाचता आली पाहिजे, ऐकता आली पाहिजे

या भागात जास्त लिहिणार आहे कारण इथे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं.

साथीत रोज सूचना बदलतात आणि त्या येतात व्हॉट्सॲपवर, फोटो म्हणून. सही-शिक्क्याच्या कागदाचा मोबाईलवर काढलेला फोटो. आमच्या अकाउंट्समध्ये एक सहकारी आहेत, दृष्टिहीन, स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरतात, टॅलीपासून मेलपर्यंत सगळं त्यावर करतात. त्यांच्या फोनवर तो फोटो आला की फोन म्हणतो "इमेज". बस. उद्या ऑफिस बंद आहे का चालू, पास कुठून घ्यायचा, टेस्ट करायची का, सगळं त्या एका "इमेज" मध्ये. मग त्यांना कुणाला तरी फोन करून विचारायला लागायचं, रोज, आणि ज्याला विचारायचं त्याचा आवाज हळूहळू वैतागलेला यायला लागतो हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मला फार लागलं. त्यानंतर आमच्याकडे ठरलं की कुठलीही नोटीस आधी टाइप केलेला मजकूर म्हणून जाणार, फोटो पाहिजे तर नंतर. स्कॅन केलेल्या पीडीएफचं पण तेच, दिसायला पीडीएफ आणि आत फोटोच. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे, मराठी युनिकोड वाचतो, तुमच्या कॉम्प्युटरवर टाकून एकदा तुमचीच नोटीस डोळे मिटून ऐका, दहा मिनिटांत कळेल काय बदलायचं ते. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी त्याला वाचता येत नाही, म्हणून युनिकोडच.

टाइप केलेल्या नोटिशीचा फायदा फक्त त्यांना नाही झाला. ज्यांना मराठी वाचता येत नाही ते ओडिशा-बिहारचे कामगार तोच मजकूर फोनला हिंदीत करून घ्यायला लागले. ज्यांना वाचायचंच जड जातं त्यांच्यासाठी एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज, मराठीत एक आणि हिंदीत एक. एवढं काम सकाळी पंधरा मिनिटांत होतं.

आता मास्क. कर्णबधिर माणूस ओठांकडे बघून बोलणं समजून घेतो आणि मास्क लागला की ते दारच बंद. शॉप फ्लोअरवर शिफ्टच्या सुरुवातीला सुपरवायझर टूलबॉक्स टॉक घेतो, आज कुठली मशीन बंद आहे, कुठे तेल सांडलंय, मशीनवरचं कुठलं संरक्षक कव्हर काढलंय, हे सगळं मास्कमागून बोललं जातं, आणि कर्णबधिर ऑपरेटर बाकीचे मान हलवतात म्हणून मान हलवतो. हा सेफ्टीचा प्रश्न आहे, बोट जाऊ शकतं. काय करता येतं, तर टूलबॉक्स टॉकचे मुद्दे आधी व्हाइटबोर्डवर लिहायचे आणि मगच बोलायचं, बोलणाऱ्याने लांब उभं राहून मास्क काढून फेस शील्ड लावायची, आणि ऑपरेटरला शेवटी स्वतः मुद्दे परत सांगायला लावायचे, खुणांनी किंवा लिहून. पारदर्शक मास्क मिळतात पण त्यावर वाफ धरते, एसी केबिनमध्ये ठीक, फ्लोअरवर नाही. गूगलचं लाईव्ह ट्रान्सक्राइब ॲप बोललेलं मराठी स्क्रीनवर लिहून दाखवतं, शांत खोलीत चांगलं चालतं, प्रेस शॉपच्या आवाजात त्याचा काही उपयोग नाही. महत्त्वाची मीटिंग असेल, पगाराची, चौकशीची, सेफ्टी ट्रेनिंगची, तर साईन लँग्वेज इंटरप्रिटरचे पैसे खर्च करा, व्हिडिओ कॉलवर पण मिळतात आणि मग प्रवासखर्च पण वाचतो. कॉलवर इंटरप्रिटरची खिडकी पिन करून मोठी ठेवायची आणि एका वेळी एकानेच बोलायचं.

इमारतीतल्या छोट्या गोष्टी एकदा स्वतः फिरून बघा. पायाने दाबायचा सॅनिटायझर स्टँड गेटवर ठेवला की कुबडीवाला आणि व्हीलचेअरवाला तिथेच अडला, शेजारी हाताने दाबायची बाटली टेबलावर ठेवा, कमरेच्या उंचीवर. लिफ्टमध्ये दोघांनाच परवानगी असेल तर ज्यांना जिना चढता येत नाही त्यांना आधी, आणि हे लिफ्टबाहेर लिहून ठेवा म्हणजे त्यांना प्रत्येक वेळी विनंती करायला नको. जमिनीवर रंगवलेली गोल वर्तुळं दृष्टिहीन माणसाला दिसत नाहीत, तिथे गार्डला शिकवा की आवाज देऊन सांगायचं. आणि दिव्यांगांसाठीचं टॉयलेट उघडून बघाच एकदा, साथीत सगळीकडे त्याची सॅनिटायझरच्या कॅनची स्टोअर रूम झालेली असते. तसंच एखाद्या मजल्यावर दोन-तीनच बायका येतायत म्हणून लेडीज टॉयलेटला कुलूप, हेही बघा. दोन मजले चढून जावं लागतं म्हणून पाणी न पिणाऱ्या बायका मी बघितल्यात.

कायद्याचं एकदा सांगून टाकते. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा खाजगी कंपन्यांनाही लागू आहे, समान संधी धोरण प्रत्येक आस्थापनेने करायचंय, आणि २० किंवा त्याहून जास्त माणसं असतील तर त्यात सोयी कोणत्या, कुठली पदं योग्य, कोण अधिकारी याची जबाबदारी घेणार, हे सगळं यायला पाहिजे. साथ आली म्हणून हे रद्द होत नाही. हे धोरण कपाटात असेल तर बाहेर काढा, त्यात साथीच्या काळासाठी एक पान वाढवा.

ठेकेदाराची माणसं पण आपलीच

आमचं युनिट २०२० च्या पावसाळ्यात परत सुरू झालं तेव्हा पँट्रीत स्टाफसाठी कागदी कप आले आणि हाऊसकीपिंगच्या मावशींसाठी वेगळे स्टीलचे ग्लास, खाली, सिंकच्या बाजूला. विचारलं तर उत्तर आलं, मॅडम कोरोना आहे ना. पण मावशी ज्या वस्तीतून येतात तिथूनच दोन ज्युनिअर इंजिनिअर पण येतात, त्यांना कागदी कप होता. आपल्याकडे वेगळं भांडं कुणासाठी ठेवतात आणि का ठेवतात हे सगळ्यांना माहीत आहे, साथीने फक्त त्याला निमित्त दिलं. मी हे मीटिंगमध्ये स्पष्ट बोलले, आणि ठरलं की प्लांट हेडपासून मावशींपर्यंत प्रत्येकाने घरून आपला कप आणायचा, नाव घालायचं, सगळे कप एकाच रॅकवर राहणार. खर्च शून्य. तुमच्याकडे साथ असो नसो, पँट्रीत जाऊन बघा भांडी किती प्रकारची आहेत.

कॉन्ट्रॅक्टवाल्यांचं बाकी म्हणजे, मास्क-हातमोजे त्यांना कंपनीकडून, ठेकेदार देईल म्हणून सोडायचं नाही. सफाईवाल्यांना तर एन-९५ आधी, केबिनवाल्यांना नंतर. पगार झाला का ते दर महिन्याला ठेकेदाराकडून बँकेची स्लिप घेऊन तपासा, कायद्याप्रमाणे ठेकेदाराने पगार बुडवला तर तो द्यायची जबाबदारी मूळ कंपनीवर येते. ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) भरला जातोय का ते पण बघा, कारण २०२१ मध्ये ईएसआयसीने कोरोनाने गेलेल्या कामगारांच्या कुटुंबासाठी सरासरी पगाराच्या ९० टक्क्यांपर्यंत दरमहा मदतीची योजना आणली तेव्हा ज्यांचे हप्ते भरलेले होते त्यांच्याच घरच्यांना तिचा आधार मिळाला. लसीकरण कॅम्प घेतला तर यादीत सिक्युरिटीचे काका, कँटीनची पोरं, ड्रायव्हर, यांची नावं पहिल्या पानावर पाहिजेत. कोविनवर ऑनलाइन नाव नोंदवायला स्मार्टफोन नाहीतर कॉम्प्युटर लागायचा, म्हणून गेटवर एक माणूस बसवा जो नोंदणी करून देईल.

संशय पसरण्याआधी अडवा

साथीत माणसं घाबरतात आणि घाबरली की बोट दाखवायला कुणीतरी शोधतात. मार्च-एप्रिल २०२० मध्ये दिल्लीच्या तबलिगी कार्यक्रमाच्या बातम्यांनंतर मुसलमान सहकाऱ्यांबद्दल ऑफिसच्या ग्रुपवर काय काय फिरलं ते आठवा. ईशान्येकडच्या मुलामुलींना रस्त्यात "कोरोना" म्हणून हाका मारल्या गेल्या, इतक्या की केंद्राच्या गृहखात्याला राज्यांना सूचना काढावी लागली. हॉस्पिटलमध्ये नर्स असलेल्या बायकोमुळे नवऱ्याला डब्याच्या टेबलावरून उठवलं, असंही झालं.

इथे एचआरने गप्प बसायचं नाही. असा मेसेज ग्रुपवर पडला की त्याच दिवशी, ग्रुपवरच, नावानिशी सांगायचं की हे इथे चालणार नाही आणि का चालणार नाही. मागाहून खाजगीत समज देण्याने ज्याच्याबद्दल लिहिलंय त्या माणसाला काहीच कळत नाही, त्याला वाटतं अख्खा ग्रुप त्याच मताचा आहे. त्या सहकाऱ्याला वेगळा फोन करा, घरमालक त्रास देतोय का विचारा, लागेल तर कंपनीच्या लेटरहेडवर पत्र द्या. पॉझिटिव्ह आलेल्याचं नाव जाहीर करू नका, जवळ कोण बसत होतं तेवढ्यांना कळवा. आणि तो बरा होऊन आला की पहिल्या दिवशी त्याच्यासोबत कुणीतरी जेवायला बसेल असं बघा.

घर सुरक्षित नसलं तर

पॉश कायद्यात (कामाच्या ठिकाणी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा) कामाची जागा म्हणजे फक्त ऑफिस नाही, त्यात राहतं घर पण येतं, म्हणून रात्री अकराचा "सहज" व्हिडिओ कॉल, चॅटवरची कमेंट, स्क्रीनशॉट काढून फिरवणं, हे सगळं समितीपुढे येऊ शकतं. दहा किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती लागतेच, त्यापेक्षा कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. साथीत समितीतल्या बायका नोकरी सोडून गेलेल्या असतात आणि कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून सदस्यांची नावं आणि फोन आजच तपासा. सुनावणी ऑनलाइन घेताना तक्रारदार बाईला आधी विचारा की घरी मोकळेपणी बोलता येईल अशी वेळ कुठली, सासरच्यांसमोर बसून ती काही सांगू शकणार नाही. लागलं तर ऑफिसमधली एक खोली तिच्यासाठी उघडा.

घरातच मारहाण होत असेल तर तिच्यासाठी ऑफिस हीच सुटकेची जागा असते, म्हणून सगळ्यांना सरसकट घरी बसवण्याआधी काही खुर्च्या "ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी" ठेवा आणि कारण विचारू नका. १८१ ही महिला हेल्पलाइन लेडीज टॉयलेटच्या दारामागे लिहून ठेवा, नोटीस बोर्डावर उभं राहून कुणी नंबर उतरवून घेत नाही.

ट्रान्स आणि समलिंगी सहकाऱ्यांचं वेगळंच असतं. ऑफिसात ती व्यक्ती एका नावाने वावरते, घरच्यांना ते माहीत नसतं, आणि लॉकडाऊनमध्ये ती त्याच घरात येऊन पडते. घरी फोन करायचा असेल तर कुठल्या नावाने करू हे आधी विचारून घ्या, कॉलवर स्क्रीनवर कुठलं नाव दिसावं ते तिला ठरवू द्या. २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्ती कायदा जानेवारी २०२० पासून लागू आहे, नोकरीत भेदभाव करता येत नाही आणि प्रत्येक आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायचाय. मेडिक्लेममध्ये "कुटुंब" कुणाला म्हणायचं ते विमा कंपनीशी बोलून जेवढं रुंद करता येईल तेवढं करा. दुःखाच्या रजेचं पण तसंच, एप्रिल-मे २०२१ मध्ये ज्यांनी माणसं गमावली त्यात लहानाचं मोठं केलेली मावशी होती, जोडीदार होता, फॉर्ममध्ये फक्त आई-वडील-नवरा-बायको-मुलं एवढेच रकाने. कुणाकडे तेरावं असतं, कुणाकडे चाळिसावा, रजा सलगच घ्या असा आग्रह धरू नका, तुकड्यांत घेऊ द्या.

माणसं कमी करायची वेळ आली तर, आणि ऑफिस परत उघडताना

कपातीची यादी फायनल होण्याआधी एचआरने ती एकदा वेगळ्या नजरेने वाचायची. यात बाळंतपणाहून आलेल्या किती, दिव्यांग किती, घरून काम मागितलेले किती. कंपनीत बायका पाचात एक आणि यादीत दोनात एक असेल तर निकष चुकलाय, परत बसा. "मागच्या सहा महिन्यांतला परफॉर्मन्स" हा निकष साथीत लावलात तर ज्याच्या घरी म्हातारं आजारी माणूस होतं तोच खाली जाणार हे उघड आहे, त्यापेक्षा साथीच्या आधीचे दोन-तीन अप्रेझल धरा. नवीन भरतीत २०२० ते २०२२ मधल्या गॅपबद्दल प्रश्नच विचारू नका, आणि ऑनलाइन इंटरव्ह्यूला नेट तुटलं तर पुढचं साध्या फोनवर घ्या.

ऑफिस उघडताना क्रम महत्त्वाचा. ५० किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला पाळणाघर ठेवायचंच आहे, तर आधी पाळणाघर आणि कँटीन उघडा, मग सगळ्यांना बोलवा. उलटं केलं की लहान मुलांच्या आया मागे राहतात आणि मग त्यांना यायचंच नव्हतं असं म्हटलं जातं. बाळंतपणाच्या २६ आठवड्यांच्या रजेनंतर काम घरून होण्यासारखं असेल तर दोघांच्या संमतीने तशी सोय करता येते हे २०१७ च्या दुरुस्तीने कायद्यात आलं, तुमच्या मॅनेजर लोकांना हे बहुतेक माहीत नसतं, त्यांना सांगा.

ज्यांनी घरूनच काम चालू ठेवलंय त्यांची नावं पुढच्या प्रमोशनच्या यादीला लावून बघा. समोर दिसणारा माणूस लक्षात राहतो, चांगलं प्रोजेक्ट त्यालाच मिळतं, वर्षभराने त्याचंच प्रमोशन होतं. कुठलं काम कुणाला दिलं याची एक साधी एक्सेल शीट ठेवा, ऑफिसला येणारे आणि घरून करणारे अशा दोन रंगांत, आणि ती दर तिमाहीला डिपार्टमेंट हेडसमोर उघडा. रंग एकाच बाजूला जमत चालले असतील तर त्याच बैठकीत पुढचं चांगलं काम घरून करणाऱ्या कुणाला द्यायचं ते नाव ठरवून मगच उठा.